जावयाचे कॉईन, अण्णाचं नाव

ज्या पैशावर कुणाचंच नाव नसतं म्हणतात, त्या पैशापायी नावानिशी तुरुंगात कोण जातं, सांगाल?

हुमनाबादजवळच्या आपल्या गावातून झेरॉक्सवाला अण्णा गेला. माझी सगळी पत्रकं त्याच्याच यंत्रावर निघाली. खांद्यावरच्या टॉवेलानं काच पुसत तो आधी मजकूर वाचायचा. "लई तिखट लिहायलास बाबा. जवळ पाणी ठेव."

अर्ज भरताना कुणाकडं मोबाईल नसला की त्याचं ठरलेलं, "माझा नंबर घाल की!" निम्म्या गावाचे ओटीपी त्याच्याच फोनवर. दुकानाच्या पायरीवरून ओरडायचा, "अक्का, पेन्शनचा ओटीपी आलाय, पळा!"

"थांब की रं, भाकरी करपायलीय!"

याच सवयीनं तो बुडाला. गावचा एक जावई आला. "अण्णा, माझी कागदं अडकल्यात. थोडे क्रिप्टो कॉईन हायत, तुमच्या खात्यावर घेऊन रुपये करून द्या. त्यात कुणाचं नाव नसतंय." एका घरचा जावई तो अख्ख्या गावाचा जावई. अण्णानं स्वतःचं आधार, पॅन, फोटो देऊन खातं उघडलं, रुपये त्याच्या हातावर ठेवले, वर चहा पाजला.

कॉईन चोरीचे होते. कलबुर्गीच्या एका निवृत्त मास्तरांना फसवून काढलेले. ते पाच डिजिटल पाकिटांतून फिरले. पाकिटांवर नुसते आकडे आणि अक्षरं. पण कुठून कुठं गेले याची नोंद उघडी असते, ती पुसता येत नाही. पोलीस त्या मागावर चालत राहिले. जिथं कॉईनचे रुपये झाले, तिथं अण्णाचा फोटो निघाला. हसरा.

"कॉईन कुणाचे?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या खात्यावर आले, म्हणजे माझेच."

कोठडीत भेटून मी भांडलो. "अण्णा, नाव कामून सांगत न्हाईस?"

"लेक आपल्या गावची हाय रं. पोटुशी हाय."

मी याला मोठेपण म्हणणार नाही. संगणकाला पैशाचा माग झाकता आला नाही, पण चोराचं नाव अण्णानं झाकलं. आणि तिकडं मास्तर आयुष्याची पुंजी घालवून बसलेत.

मी तेव्हा उदगीरला होतो, माझं बोलणं ऐकीव ठरतं. गावकऱ्यांनो, तुम्ही मात्र त्या जावयाला दुकानात चहा पिताना पाहिलंय. सोमवारी जामिनाची सुनावणी आहे. त्याआधी पोलीस ठाण्यात या, जबाब द्या. लेकीचं बाळंतपण गाव करील.