खाऱ्या विहिरीतली मुशी

अमरावतीच्या मासळी बाजारात माझी नेहमीची एक मावशी आहे. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, हे तिला ठाऊक. एका रविवारी सकाळी तिने मला हाताने जवळ बोलावलं. किनाऱ्यावरून आलेल्या बर्फाच्या पेटीत, कोळंबीखाली, एक मासा निघाला होता.

"मुशी मले समजते मॅडम. पण अशी कधी पाह्यली नाही."

हातभर लांब, काजळासारखी काळी. पाठीवरच्या दोन्ही परांपुढे एकेक काटा. मेलेल्या माशाचे डोळे गढुळतात; हिचे हिरवेगार होते. खोल समुद्रातली, उजेड न पोचणाऱ्या पाण्यातली मुशी, म्हणजे छोटी शार्क असावी, एवढंच मला कळलं. मासे अभ्यासणाऱ्या एका मैत्रिणीला मी फोटो पाठवला.

तोवर मावशीने पोट चिरलं होतं. आत पाच पिल्लं, प्रत्येकाला बलकाची पिवळी पिशवी लटकलेली. सगळ्यांचे डोळे उघडे. मावशीने सुरी खाली ठेवली.

"मला द्या," मी म्हणाले. "फॉर्मालिनमध्ये घालून शाळेत ठेवते."

"बाटलीत? काहून? लेकुरवाळी हाये ते. पान्यातच सोडू तिले."

"वर्धा नदीत सोडणार का?"

"गोड पानी नाही चालायचं. तुमच्या वावरातली विहीर खारी हाये म्हनता ना?"

आमचं शेत अकोल्याकडे, खारपाणपट्ट्यात. त्या पडीक विहिरीचं पाणी जनावरंही तोंडात घेत नाहीत. मला ही शार्क हवी होती, पण मावशीने पिल्लं एकेक करून परत पोटात ठेवली, तेव्हा मी गाडी काढली.

भर दुपारी पोचलो. ऊन सरळ विहिरीत उतरलं होतं. मावशीने शार्क दोरी बांधलेल्या टोपलीतून खाली सोडली आणि टोपली कलती केली. काळं अंग लगेच दिसेनासं झालं. डोळे दिसत राहिले. दोन हिरवे ठिपके, खाली खाली जाणारे. विहिरीत जेमतेम दोन पुरुष पाणी होतं. ते ठिपके कधीचेच थांबायला हवे होते.

"तुमालेबी दिसून राहिले काय?" मावशीने हळूच विचारलं.

"हो."

ती मागे सरली. आम्ही परतलो.

संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. अशी शार्क क्वचितच कुणाच्या हाती लागते, ती घ्यायला माणूस पाठवते, म्हणाली. मी घडलं ते सांगितलं. तिने मला भरपूर सुनावलं.

दोन दिवसांनी मी पंप लावून विहीर उपसली. गाळ हाताने चाळला. काहीच सापडलं नाही, एक काटासुद्धा नाही. मैत्रिणीला तसं कळवलं. मी ती शार्क कुणा दुसऱ्याला दिली, असं तिला अजून वाटतं.