आतड्यातला निळा रंग

ओतूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अंजना एकोणीस वर्षं मदतनीस होती. पोरं अडली की तिलाच विचारायची. मग नारायणगावच्या हर्षा मॅडम शिकवायला आल्या आणि जो तो मॅडमच्या मागं. त्यांच्या वाढदिवसाला पोरांनी केक आणला. अंजनाचा वाढदिवस कधी असतो, हे आजवर कुणी विचारलंही नव्हतं. तेव्हापासून ती आतून जळायची.

त्या दिवशी प्राचार्य प्रॅक्टिकल बघायला येणार होते. शरीरातल्या पेशी एकमेकींना किती घट्ट धरून असतात, ते दाखवायचं होतं. मॅडम जैन घरातल्या, मांसाला हात लावत नसत. त्यामुळं खाटकाकडून बोकडाचं ताजं आतडं आणणं, धुणं, आत निळा रंग भरून दोन्ही टोकं दोऱ्यानं आवळणं आणि ते पाण्याच्या भांड्यात ठेवणं, सगळं अंजनाकडं. ‘हात माझे नि कौतुक तिचं,’ ती धुमसत होती.

आतड्याच्या पेशींमधल्या फटी इतक्या पक्क्या बंद असतात की रंग सहसा बाहेर झिरपत नाही. मात्र ही पकड टिकते कॅल्शियमवर. जुन्या सरांनी तिला हे शिकवलं होतं. कॅल्शियम बांधून ठेवणारी भुकटी कपाटातच होती. अंजनानं ती चमचाभर घेऊन आतडं ठेवलेल्या भांड्यातल्या पाण्यात ढवळली.

अर्ध्या तासात, प्राचार्यांच्या देखत, पाणी निळं झालं. मागं कुणीतरी हसलं. हर्षाचा चेहरा उतरला. अंजनाच्या जिवाला गार वाटलं. तेवढ्यात हर्षा तिच्याकडंच वळली.

“अंजनाताई, तुमच्या हाताखालून असे कितीतरी प्रयोग गेलेत. काय चुकलं असेल?”

सगळा वर्ग अंजनाकडं बघत होता.

“पाण्यात कॅल्शियम ऱ्हायलं न्हाई, मॅडम. त्याच्याबिगर पेशी एकमेकींना सोडत्यात. थांबा, दुसरं करून दावते.”

आतड्याच्या उरलेल्या तुकड्यात रंग भरून तिनं तो दुसऱ्या भांड्यात, भुकटी न घातलेल्या पाण्यात ठेवला. अर्धा तास गेला, पाणी नितळच. “वा! दोन्ही बाजू कळल्या,” प्राचार्य म्हणाले.

वर्ग सुटल्यावर हर्षाला टेबलावर भुकटी लागलेला चमचा दिसला. तिनं तो उचलला, क्षणभर पाहिला आणि नळाखाली धुतला.

“पुढच्या वेळी दोन्ही भांडी मुद्दामच ठेवू. समजावून तुम्हीच सांगा. तुमच्याइतकं सोपं करून मला नाही जमत.”

“बरं,” अंजना म्हणाली. शरमेनं तिचे कान तापले होते. तरी एसटी स्टँडकडं जाताना तिच्या मनात आलं, शिक्षण हिच्याकडं, पोरं हिच्याकडं, आता मोठं मनही हिच्याकडंच असावं? आणि तिला त्याचाही हेवा वाटला.