लिटमस निळा झाला तेव्हा

कर्णिक बाई चहाचासुद्धा वास हाताने वारा घालून घेत. पनवेलच्या आमच्या शाळेत त्या रसायनशास्त्र शिकवायच्या, आणि इतकी भित्री बाई मी दुसरी पाहिलेली नाही. आम्ल ओतताना त्यांचे हात थरथरत. आम्ही मागे बसून नक्कल करायचो. त्यांना ते ठाऊक होतं. "हसा खुशाल," त्या म्हणत, "मी घाबरते म्हणून तुमची बोटं शाबूत आहेत. आधी काय आहे ते ओळखा, मग घाबरा."

आम्ही दहावीत होतो. भोपाळची धास्ती अजून गेली नव्हती. एका सकाळी प्रयोगशाळेच्या खिडकीतून उग्र भपकारा आला, डोळे चुरचुरले, कोणीतरी "गॅस!" म्हणून किंचाळलं. सगळे दाराकडे धावले. बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "रुमाल भिजवा, नाकाला लावा!" मग लाल लिटमसची पट्टी पाण्यात बुडवून त्यांनी खिडकीबाहेर धरली. ती बघता बघता निळी झाली.

"अमोनिया," बाई म्हणाल्या. "म्हणजे बर्फाचा कारखाना, तिथे गारव्यासाठी हाच वापरतात. हवेपेक्षा हलका असतो, वर निघून जाईल."

वर्गाचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र नाही. आबा, माझे वडील, त्याच कारखान्यात यंत्रावर होते आणि त्यांची सकाळपाळी होती.

"बाई, आबा वाचतील ना?"

"मला माहीत नाही, सुनंदा."

मला त्यांचा भयंकर राग आला. खोटं बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं? पण वर्ग दुसऱ्या बाईंवर सोपवून त्या माझा हात धरून निघाल्या, वारा पाठीशी राहील अशा लांबच्या वाटेने, खाडीकडून.

फाटकाबाहेर कामगार डोळ्यांवर ओली फडकी धरून रांगेत बसले होते. एकेक चेहरा शोधत मी आबांपुढे पोचले.

"आबा!"

"कोन? सुनी? मना काय दिसत नाय गो."

बाईंनी बादली ओढली, आबांच्या पापण्या बोटांनी उघडून धरल्या आणि पाणी ओतत राहिल्या. आबा कळवळून ओरडत होते, "पुरं, बाय, पुरं!"

"पुरे नाही. अजून."

रिक्षा येईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. त्या पाण्यानेच एक डोळा वाचला, असं डॉक्टर म्हणाले. पण त्याची पट्टी सुटेपर्यंत बाई नवऱ्याच्या बदलीमुळे नागपूरला निघून गेल्या होत्या.

गेल्या वर्षी त्या वारल्याचं कळलं. मी आबांना सांगितलं.

ते म्हणाले, "दिसाला कशी व्हती गो ती बाय?"