लाल अक्षरांतलं नाव

माझ्या सासूबाई फुमिए ऐंशीच्या पुढच्या आहेत. रोज सकाळी, स्वतःच्या चहाच्याही आधी, त्या एका परक्या माणसाला पाणी घालायला जातात. हा माणूस खलाशी होता. शंभरएक वर्षांपूर्वी वादळात जहाज बुडालं आणि त्याचं प्रेत आमच्या बेटाच्या किनाऱ्याला लागलं. नाव माहीत नाही, देश माहीत नाही. लोकांनी त्याला टेकडीवर पुरलं आणि तेव्हापासून आमच्या घरातल्या बायका त्याचं थडगं झाडतात. सगळं गाव त्याला 'इजिन-सान' म्हणतं, म्हणजे परका माणूस. तेही किती लाडानं!

मीही परकीच. पुण्याची गीता. ओसाकाच्या ऑफिसात केनशी ओळख झाली, लग्न झालं, आमची मुलगी नैना झाली, आणि सासऱ्यांच्या आजारपणात या बेटावर आले ती राहिलेच. लाड मात्र माझ्या वाट्याला आले नाहीत. कचरा मी कितीही नीट वेगळा केला तरी शेजारीण माझी पिशवी उघडून तपासते. बोटीवर कुणी ना कुणी अजून विचारतं, "परत कधी जाणार?" आमच्याकडे म्हणतात, पदरी पडलं पवित्र झालं. सासूबाईंच्या पदरी मी पडले खरी, त्यांना ओकासान, म्हणजे आई, म्हणू लागले, पण पवित्र काही झाले नाही.

इजिन-सानची सेवा सासूकडून सुनेकडे जाते, ही या घरची रीत. मी एकदा झाडू उचलला, तर सासूबाईंनी तो हळूच काढून घेतला. "गीता-सान, तुला नाही जमायचं." झाडू मारायला! दरवर्षी ओबोनला, म्हणजे इथल्या पितरांच्या दिवसांत, पेपरवाला फोटो काढायला येतो. सासूबाई त्याला सांगतात, "त्याचं इथे कुणी नाही, म्हणून आम्हीच त्याचे." तेव्हा मी आत भांडी घासत असते. भांडी त्या दिवशी जरा जास्तच आपटतात.

गेल्या वर्षी केन गेला. इथे एका घराण्याच्या सगळ्या अस्थी एकाच दगडाखाली ठेवतात. नवरा गेला की त्याच्या नावाशेजारी बायकोचंही नाव कोरतात, पण लाल रंगात. ती अजून आहे, तिची जागा राखून ठेवली आहे, असा त्याचा अर्थ. सासऱ्यांच्या शेजारी फुमिएंचं नाव लालभडक दिसतं. केनचं नाव कोरलं, पण त्याच्या शेजारची जागा कोरीच राहिली.

मला दुसरं काही नको होतं. घर नको, झाडू नको, फोटो तर नकोच. केनशेजारची ती वीतभर जागा तेवढी हवी होती. मागायची लाज वाटत होती, आणि न मागता मिळेल अशी वेडी आशाही होती.

यंदा ओबोनच्या आधी पाथरवट बोटीनं आला. दिवसभर टेकडीवरून त्याच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. सासूबाई स्वतः त्याला चहा घेऊन गेल्या, मला येऊ दिलं नाही. मी घरात बसून मनातले मांडे खात होते.

संध्याकाळी त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. चढणीवर त्यांना दम लागत होता, तरी चेहरा खुलला होता. आमच्या घराण्याचा दगड आला. त्या थांबल्याच नाहीत.

इजिन-सानच्या थडग्याला लागून एक नवा, छोटा दगड उभा होता. त्यावर माझं नाव होतं, लाल अक्षरांत.

"इथून समुद्र दिसतो," सासूबाई म्हणाल्या. "तुझा देश त्याच बाजूला ना? आणि यालाही सोबत होईल. बिचारा एवढी वर्षं एकटाच आहे."

त्यांचे डोळे भरून आले होते. दुष्टपणा असता तर मी कडाकडा भांडले असते. पण ही बाई तिच्याजवळचं सगळ्यात मोलाचं मला देत होती.

"आणि केन?" मी विचारलं.

"तो आहे ना आपल्या माणसांत."

"ओकासान, नैना ओसाकात असते. माझ्याशी मराठीत बोलत नाही ती, या टेकडीवर कुठली येतेय! मला पाणी कोण घालणार?"

त्यांनी इजिन-सानच्या दगडावरचं वाळकं पान उचललं, माझ्या दगडावर पळीभर पाणी ओतलं आणि माझा हात थोपटला.

"त्याची काळजी करू नकोस. हे गाव परक्यांना कधी विसरत नाही."