तणसाचे चाक

धानाच्या ओल्या तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा, वास आला की मला ती वाट आठवते. माय फार आजारी असल्याचा निरोप आला तेव्हा एसटी निघून गेली होती, म्हणून मी पहिल्यांदाच इतक्या दूर, अर्जुनी मोरगावजवळच्या माहेरी, सायकलने निघाले. दुसऱ्या सायकलवर नवरा सोबत होता. "जोर नको लावू, दम राखून ठेव, दूर जाचा आहे," तो सारखा सांगायचा. दुपारी शेतांमधल्या वाटेवर माझे चाक पंक्चर झाले. जवळ दुकान नव्हते, तेव्हा त्याने ट्यूब काढून टायरमध्ये तणस ठासून भरले. "आता थांबू नको, बैलानं पाहिलं त चाकच खाऊन टाकील!" मी पोट धरून हसले. दिवस मावळता पोचलो, तर अंगणात बाया बसलेल्या. माय दुपारीच गेली होती. आजही या वासाने मला आधी ते हसूच येते.