आभार मानणारी उनाइसी

माणसाने आभार मानावेत, माझं त्याला काही म्हणणं नाही. पण कुणाचे आणि कशाकशाचे मानायचे, याला काही धरबंध असावा की नाही? उनाइसीला तो नव्हता. समुद्रावरच्या हॉटेलच्या लाँड्रीत आम्ही दोघी एकाच वर्षी कामाला लागलो. ती किनाऱ्यावरच्या फिजियन गावातली, मी नदीकाठच्या हिंदुस्थानी ऊसवाल्यांची पोर. तेव्हापासून मी तिच्यावर वैतागत आले आहे, आणि अजून माझं समाधान झालेलं नाही.

आमच्या बेटावर फिजियन लोक मानाची वस्तू हाती घेतली की तळवे पोकळ धरून टाळी वाजवतात. दोंबो म्हणतात तिला. फटाफट वाजत नाही ती, रिकाम्या घागरीवर थाप मारावी तशी घुमते. गावातली माणसं ती समारंभाला वाजवतात. उनाइसी बसच्या ड्रायव्हरलासुद्धा वाजवायची. एकदा मोठ्या वादळात आमच्या घराचे पत्रे उडाले, तेव्हा मी तिच्याकडे राहिले होते. बाई पहाटे उठते, पाय जमिनीला लावायच्या आधी अंथरुणातच हलके दोंबो वाजवते. मग लिंबाच्या झाडाला सांगून चहासाठी चार पानं तोडते. कसावा खाताना तो कंद कुणी खणला त्याचं नाव घेते. नाव आठवलं नाही तर घास हातात धरून आठवत बसते! बाहेर केळी आडव्या झालेल्या, माझं घर उघडं पडलेलं, आणि ही चुलीपाशी बसून म्हणते, "आज कामावर जायचं नाही, म्हणजे तुला माझ्या हातची अळूची भाजी खायला घालता येईल." मी त्या दिवशी तिला इतकं बोलले की दुसरी कुणी असती तर मला वादळात बाहेर काढलं असतं.

कुठलीही चांगली गोष्ट ती उद्यावर टाकत नसे. कमरेला गुंडाळायचा नवा सुलू शिवला की तो दुसऱ्या दिवशी लाँड्रीत नेसून यायची. मी म्हणायचे, "अगं, चर्चसाठी ठेव की!" त्यावर म्हणे, देव काय रविवारीच बघतो? काम सुटलं की भिंतीवर बसून समुद्राकडे बघत राहायची, आणि तिच्यामुळे माझीही बस चुकायची.

"पगार तू घाम गाळून मिळवलास," मी एकदा तिला म्हटलं, "आणि टाळ्या त्या खिडकीतल्या पोराला?"

"त्याने हसून दिला गं."

"हसायला त्याचं काय जातं?"

"तुझं बरंच जात असणार. म्हणून तू हसत नाहीस."

अशी ती. मला वाटायचं, हिला कुणी दगड मारला तर ही आधी दगडाचे आभार मानेल आणि मग डोकं चोळेल.

हे सगळं आमच्या-आमच्यात होतं तोवर ठीक होतं. पुढे हॉटेलात ती मेलबर्नची टेस मॅडम आली. श्रीमंत पाहुण्यांना ‘कृतज्ञ कसं जगावं’ हे शिकवण्याचे वर्ग ती घ्यायची. सकाळी वाळूवर गोल करून बसायचं, डोळे मिटायचे, आणि ज्या गोष्टीबद्दल बरं वाटतं तिच्यासाठी एक पांढरा खडा वाडग्यात टाकायचा. एके दिवशी तिने उनाइसीला कपड्यांच्या गाडीसमोर दोंबो वाजवताना पाहिलं आणि तिला खजिनाच सापडला. दुसऱ्या दिवसापासून उनाइसीच्या गळ्यात फुलांची माळ, अंगावर हॉटेलने दिलेला फुलाफुलांचा झगा, आणि ती सगळ्यांच्या पुढे. ती वाजवणार, मग पाहुणे वाजवणार. वर्ग संपला की झगा काढून ठेवायचा आणि लाँड्रीत आमच्याइतकंच काम करायचं. माळसुद्धा परत द्यायची, दुसऱ्या दिवशी चालली तर चालली!

"त्याबद्दल तुला एक कप चहा तरी देतात का?" मी विचारलं.

"शिकू दे गं बिचाऱ्यांना. पाणी पितात, पण आपण पाणी प्यायलो हे त्यांना कळतच नाही."

आता रोलरचं सांगते. धुतलेल्या चादरी इस्त्री करायला आमच्याकडे दोन मोठे तापलेले रूळ आहेत. चादरीची कड हाताने धरून आत द्यायची, रूळ ती ओढून घेतात. समोर एक आडवी लोखंडी पट्टी असते. बोट तिला लागलं की मशीन जागच्या जागी थांबतं. हंगामात पाहुणे वाढले, चादरींचे ढीग लागले, आणि पट्टीला चादरीचा घोळ लागूनही मशीन सारखं थांबायला लागलं. मॅनेजर कॉलिनसाहेब येऊन ओरडून गेले. आमचा मुकादम विजेंद तसा वाईट नाही, पण वरच्याची शिंक ऐकली की त्याला ताप येतो. त्याने चार स्क्रू काढले आणि पट्टी साबणाच्या खोलीत नेऊन ठेवली.

उनाइसी स्वतः साहेबांकडे गेली. मीही होते बरोबर. ती म्हणाली, "साहेब, पट्टी परत लावा. मला भीती वाटते."

कॉलिनसाहेब काय म्हणाले असतील? हसून म्हणाले, "उनाइसी, जे आहे त्यात आनंद मानावा हे तर तुम्हीच आम्हाला शिकवता!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उनाइसी मात्र "बरं साहेब" म्हणाली आणि परत रोलरवर जाऊन उभी राहिली.

त्याच आठवड्यात एका चादरीचा कोपरा तिच्या उजव्या हाताला गुंडाळला गेला. मी शेजारच्या टेबलावर उशांचे अभ्रे घडी करत होते. तिची किंकाळी ऐकली, धावले, लाल बटण दाबलं. रूळ थांबेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. दवाखान्यात दोन बोटं काढून टाकावी लागली. त्या दिवसाबद्दल याहून जास्त मी सांगणार नाही.

ती घरी आल्यावर टेस मॅडम फळांची टोपली घेऊन तिला भेटायला आली. चटईवर बसली, उनाइसीचा डावा हात हातात घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "उनाइसी, या घटनेतूनही आभार मानण्यासारखं काही तुला सापडेल. शोध. मला तीन गोष्टी सांग."

आणि माझी मूर्ख मैत्रीण खरंच शोधायला लागली! "अंगठा राहिला," ती म्हणाली. "या सुखराजीने बटण दाबलं." मग तिला पुढचं काही सुचेना. बँडेज बांधलेल्या हाताकडे ती बघत राहिली. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तशातली गत. मला राहवेना.

"मॅडम, तिसरी मी सांगते," मी म्हटलं. "दरवाजा उघडा आहे."

मॅडम गेली. उनाइसी माझ्यावर रागावली. पाहुण्याला असं बोलतात का, म्हणाली. त्याच रागात मी तिला बसमध्ये घालून कामगार खात्यात नेलं आणि हॉटेलविरुद्ध तक्रार नोंदवायला लावली. परत येताना तिने ड्रायव्हरसाठी डावा हात मांडीवर आपटला. मी खिडकीबाहेर बघत बसले.

मध्ये काही दिवस गेले आणि हॉटेलचा पहारेकरी पेनी निरोप घेऊन आला. कॉलिनसाहेब माफी मागायला येणार आहेत, रीतीप्रमाणे, देवमाशाचा दात घेऊन. हे ऐकलं आणि मला धडकीच भरली. या बेटावर यापेक्षा मोठी माफी नाही. काथ्याच्या दोरीत ओवलेला तो दात समोर ठेवला, आणि दुखावलेल्याच्या घरच्यांनी तो उचलून दोंबो वाजवला, की भांडण मिटलं. मग कोर्टात बोलायचं नाही, कचेरीत बोलायचं नाही आणि चुलीपाशीसुद्धा बोलायचं नाही. तक्रार आपोआप मागे. साहेबांना ही रीत बरी सापडली! एरवी गावात येताना टोपी काढायची हेही यांना दहादा सांगावं लागतं.

आणि उनाइसी तो घेणार, यात मला तिळभर शंका नव्हती. जन्मभर जिने बसच्या ड्रायव्हरला टाळी वाजवली ती देवमाशाचा दात परत पाठवील? मी आदल्या संध्याकाळी तिच्याकडे जाऊन घसा कोरडा करून आले. "हे बघ, तू टाळी वाजवलीस की तुझ्या दोन बोटांवर माती पडली. त्यांनी काहीच केलं नाही असं होईल." ती कसावा सोलायचा प्रयत्न करत होती, सुरी सारखी निसटत होती. "बघू गं," एवढंच म्हणाली.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नव्हती. तिच्या जागी रोलरवर आता मी उभी राहत होते. तिला तिच्या हाताचं कमी होतं का, म्हणून बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. उनाइसीचे चुलते इलाइसाकाका घरचे वडील म्हणून समोर बसले, त्यांच्यामागे उनाइसी, आणि मी दाराशी. पेनी चटईवर वाकून बसला. कॉलिनसाहेब त्याच्यामागे मांडी घालायची धडपड करत होते. पेनीने दोन्ही हातांत दात धरून घराण्याची नावं घेतली, जमिनीचं नाव घेतलं आणि सुंदर बोलला. त्याच्यात काही खोट नव्हती. मग साहेब बोलले. "जे झालं ते फार वाईट झालं," म्हणाले. झालं म्हणे! जसा काही पाऊस पडला.

इलाइसाकाकांनी दाताकडे हात नेला.

"थांबा, काका," उनाइसी म्हणाली.

काकांचा हात हवेतच राहिला. अशा वेळी बाईने मध्ये बोलायचं नसतं.

"पेनी, उन्हातून आलास, तुझे आभार. साहेब, तुम्ही टोपी काढून गावातून चालत आलात, तुमचेही." आणि तिने दोंबो वाजवला. उजवा हात अजून कापडात होता. आवाज घुमला नाही, ओल्या कपड्यावर थाप मारल्यासारखा झाला. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. मी डोळे मिटले. संपलं, मी मनात म्हटलं.

"आता एक सांगा," उनाइसी म्हणाली. "रोलरवर सध्या कोण उभं राहतं?"

साहेबांनी पेनीकडे पाहिलं. पेनीने चटईकडे पाहिलं. तेव्हा मीच म्हटलं, "मी."

ती वळली. तिचा चेहरा इतका लाल झालेला मी कधी पाहिला नव्हता. "तू? आणि मला सांगितलं नाहीस?" मग एकदम हळू आवाजात विचारलं, "पट्टी लावली?"

"नाही."

"नवी पट्टी मागवली आहे," साहेब घाईने म्हणाले. "ब्रिस्बेनहून यायची आहे. बोटीला वेळ लागतो, उनाइसी."

"जुनी कुठे आहे?"

"साबणाच्या खोलीत," मी म्हटलं. "दारामागे उभी आहे."

इलाइसाकाकांनी हात मागे घेतला.

"साहेब," उनाइसी म्हणाली, आणि हा आवाज मी तिच्या तोंडून इतक्या वर्षांत ऐकला नव्हता, "माझी बोटं माझी होती. ती तुम्हाला माफ करायची की नाही ते मी ठरवीन. हिची बोटं माझी नाहीत. त्यांची माफी तुम्ही माझ्याकडे आगाऊ मागायला आलात?"

"तसं नाही... तुम्ही तर नेहमी प्रत्येक गोष्टीचे आभार..."

"मानते ना! रोज सकाळी या हातांचे आभार मानायचे मी. काय मिळालं होतं ते मला माहीत आहे, आणि काय गेलं तेही. तुम्हाला काय वाटलं, मला मोजता येत नाही म्हणून मी टाळ्या वाजवते?"

काकांनी पेनीला खूण केली. पेनीने दात मागे घेतला आणि दोघे आले तसे गावातून परत गेले. ओट्याओट्यावर लोक उभे होते. दात घेऊन आलेला माणूस दात घेऊनच परत जाताना आमच्या गावांनी फारसा पाहिलेला नाही. पेनीची मान खाली होती, आणि त्याच्यासाठी मला वाईट वाटलं. साहेबांसाठी वाटलं नाही.

ते दिसेनासे झाल्यावर मी उनाइसीवर घसरले. "हेच तोंड तेव्हा उघडलं असतंस तर? बरं साहेब म्हणालीस आणि जाऊन उभी राहिलीस!"

"तेव्हा मला वाटलं, भीती फक्त माझीच आहे," ती म्हणाली. आणि रडली. दवाखान्यातही रडली नव्हती. मी तिचा डावा हात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साबणाच्या खोलीतून पट्टी ओढत आणली आणि रोलरसमोर आडवी टाकली. मशीन सुरू केलं नाही. चादरींच्या गाड्या येऊन एकामागे एक उभ्या राहिल्या. बाकीच्या बायांनी हात थांबवले. विजेंद घामाघूम होऊन धावत आला.

"वहिनी, हे काय चालवलंय? साहेब आधीच तापले आहेत. हातात काम आहे त्याचे आभार माना!"

"मानते की," मी म्हटलं. "दहाही बोटांनी मानते. स्क्रू कुठे ठेवलेस?"