श्रीधरच्या नावाचं पातेलं

श्रीधर गेल्याचा फोन आला तेव्हा नळाला पाणी आलं होतं, आठ दिवसांनी. फोन खांद्यानं कानाशी धरून मी ड्रम भरत राहिले आणि शेवटचा ड्रम भरल्यावरच छावणी भागातल्या त्याच्या घरी निघाले. याची मला अजून लाज वाटते. तो असता तर म्हणाला असता, "आधी पाणी भर, मी कुठं पळून चाललोय..."

आम्ही कॉलेजपासूनचे मित्र. मी पुढं तिथंच इंग्रजी शिकवायला लागले. त्यानं बँकेची बरी चाललेली नोकरी सोडली आणि औरंगपुऱ्यात साड्यांच्या दुकानावर एक खोली घेतली. मुंबईत एक सामाईक निधी होता. अनेक देणगीदार त्यात पैसे टाकायचे, तिथली समिती ते वाटायची, आणि श्रीधरमार्फत त्यातले काही आमच्याकडच्या गावोगावच्या आंदोलनांना पोचायचे. कागदावर अर्थातच आंदोलन नसायचं. मोर्चाला आम्ही 'लोकसहभाग' म्हणायचो, धरण्याला 'जाणीवजागृती'. अर्जातलं साळसूद इंग्रजी माझं. अर्ज लिहिताना आम्ही पोट धरून हसायचो. देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा, म्हणून कुणाचा कुणावर दाब नाही, असं तो अभिमानानं सांगायचा. मलाही ते पटायचं.

दुष्काळाच्या त्या वर्षी करमाडच्या पुढच्या माळावर मेंढपाळांच्या बायका धरण्याला बसल्या. मेंढरांना पाणी उरलेला एकच तलाव होता आणि शेजारच्या कारखान्याला तो आपल्या कुंपणात घ्यायचा होता. कौसाबाई त्यांची पुढारी. निधीतून मांडव गेला, शिधा गेला आणि स्वयंपाकासाठी एक भलंमोठं पातेलं गेलं. आपल्याकडं दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात, म्हणून कौसाबाईनं विचारलं, नाव कुणाचं घालायचं? श्रीधरनं सामाईक निधी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"येवढं मोठं पातेलं द्यायचं अन् नाव सांगायचं नाय," ती म्हणाली. "असं कोण देतंय, सर?"

त्यानं हसण्यावारी नेलं. ती मात्र शहरात आली आणि भांड्यांच्या दुकानातून काठावर त्याचंच नाव घालून घेऊन गेली.

तो प्रश्न त्याच्या डोक्यातून जाईना. त्यानं मुंबईला पत्रांमागून पत्रं लिहिली, तेव्हा कुठं देणगीदारांची यादी आली. तिच्यात त्याच कारखान्याच्या मालकांचा ट्रस्ट होता. यादी घेऊन तो थेट माझ्याकडे आला. कौसाबाईला आजच सांगतो म्हणाला. मी म्हटलं, थांब. एका नावापायी सगळा निधी बदनाम होईल, दुसऱ्या गावांचीही मदत बंद पडेल, पावसाळ्यापर्यंत गप्प राहा. आयुष्यभर कुणाचं न ऐकणाऱ्या या माणसानं नेमकं तेव्हा माझं ऐकलं.

मधल्या काळात मुंबईहून सल्ला आला की धरणं उठवावं आणि चर्चा करावी, पुढची मदत त्यासाठीच मिळेल. गप्प राहायचं ठरलेलं, म्हणून श्रीधरनं तो तसाच माळावर पोचवला. बायकांनी ऐकलं, कारण रोज ज्या पातेल्यातलं जेवत होत्या त्यावर नाव त्याचं होतं. त्या उठल्या आणि आठवडाभरात तलावाला तारेचं कुंपण पडलं. तो सल्ला त्या एका देणगीदारामुळंच आला, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. कुणामुळं आला हे विचारण्याची सोयच त्या निधीत नव्हती.

मग त्यानं जाऊन सगळं सांगितलं. दोन दिवसांनी कौसाबाई पातेलं डोक्यावर घेऊन औरंगपुऱ्याचा जिना चढून आली, ते भिंतीशी उपडं ठेवलं आणि निघून गेली. श्रीधरनं निधीचं काम सोडलं. पुढची कितीतरी वर्षं तो त्याच खोलीत बसून लोकांना फुकट अर्ज लिहून देत राहिला. पातेल्यावरचं नाव त्यानं भिंतीकडं फिरवून ठेवलं होतं. मेंढरं विकली गेली, शहर करमाडपर्यंत पोचलं. थांब म्हणणारी मी होते, हे त्यानं कौसाबाईला कधीच सांगितलं नाही. मीही नाही.

तेरावं झाल्यावर मी खोली आवरत होते, तेव्हा कौसाबाई आली. आता तिला जिना चढवत नाही. बराच वेळ दम खात बसली.

"सरांनी येवढं उशिरा का सांगितलं, मॅडम? तुम्हाला ठावं आसंल."

तो घाबरला होता, असं सांगता आलं असतं. खोडून काढायला तो नव्हता... "मी थांबवलं त्याला," मी म्हटलं.

ती उठली. पातेलं फिरवून तिनं काठावरची धूळ पदरानं पुसली. "अन् मी येवढी वर्सं त्यांनाच बोल लावला," ती स्वतःशीच म्हणाली. पातेलं डोक्यावर घेतलं आणि दारात थांबली.

"आज त्यांच्या नावानं चार बायांना जेवू घालते. तुम्ही येऊ नका."

खोलीची किल्ली अजून माझ्याकडे आहे. पातेलं होतं तिथं फरशीवर गोल डाग उरला आहे. आठवड्यातून एकदा जाऊन मी फरशी पुसते, तेवढी जागा सोडून.